भरलेल्या गोदामासमोरचे ट्रक

१

नंबर दोनच्या गोदामातली थप्पी मंगळवारी सकाळी फोडली, तेव्हा ती आतून रिकामी निघाली.

हमालांनी समोरची पहिली रांग उतरवली, दुसरी उतरवली, आणि तिसऱ्या रांगेतली एक गाठ हूक लावून ओढली तशी मुकादमाच्या तोंडून शिवी बाहेर पडली. पलीकडे गाठी नव्हत्या. अंधार होता. बॅटरी मारली तर आत एक खोलीच दिसली. चारही बाजूंना कापडाच्या गाठींच्या भिंती, वर फळ्यांचं छत, त्या छतावर पुन्हा गाठींचे दोन थर. एखादं कुटुंब सुखानं राहिलं असतं, एवढी जागा.

"ले भिया," एक हमाल म्हणाला, "अंदर तो मकान बन गया."

कुणी हसलं नाही. भागीरथी मिलमध्ये हसण्याची सवय तशीही सुटत चालली होती. इंदूरच्या गिरण्या एकामागून एक बंद पडत होत्या. भागीरथीचं कताई खातं मागच्या साली बंद झालं, आता बाहेरून सूत आणून विणाईच्या दोन शेड कशाबशा चालत होत्या; नंबर एक आणि नंबर दोन, प्रत्येकीचं वेगळं गोदाम. दोन्हीपैकी जी कमी विणेल ती बंद होणार, हे मुंबईच्या मालकांनी उघडच सांगून टाकलं होतं. गेल्या आठवड्यात त्यांचा हुकूम आला, नंबर दोनचा सगळा साठा एकदम उचला. म्हणून थप्पी फुटली. नाहीतर ती कधीच फुटली नसती.

दुपारपर्यंत थानेदार आले. त्यांनी भिंती ठोकल्या, छप्पर पाहिलं, खिडक्यांचे गज हलवून पाहिले. सगळं जागच्या जागी. दाराला दोन कुलपं होती. एकाची किल्ली गोदामकीपर रघुवीर शितोळे यांच्याकडे, दुसऱ्याची मॅनेजर अप्पासाहेबांच्या कचेरीत.

"भरलेल्या थप्पीच्या पोटातून माल गेला आणि कातडीला ओरखडा नाही," थानेदार म्हणाले. "हे काम बाहेरच्याचं नाही. शितोळेजी, बोला."

रघुवीर म्हणाले, "माझ्या ताब्यात होतं. मला दुसरं काही बोलायचं नाही."

एवढं बोलून ते बाकावर जाऊन बसले आणि गुडघे चोळू लागले.

२

मंजिरी दातार त्या वेळी दारात उभी होती. सांख्यिकीत एम.एस्सी. झालेल्या या मुलीला अप्पासाहेबांनी हिवाळ्यात कामावर घेतलं होतं. काम असं की सूत किती येतं, शेड किती विणतात, माल गोदामात किती दिवस पडून राहतो आणि ट्रक तो कधी नेतात, या सगळ्याचं एक गणिती मॉडेल तयार करायचं. यातली एकही गोष्ट रोज सारखी होत नाही. सूत उशिरा येतं, वीज जाते, धागा तुटतो. तेव्हा नक्की काय होईल हे सांगता येत नाही, पण काय होण्याची शक्यता किती, हे सांगता येतं. मिलमध्ये तिचं नाव 'भविष्यवाली मॅडम' पडलं होतं. जाता-येता कुणीतरी हात पुढं करून विचारायचं, "मॅडम, हमारी रेखा भी देख लो."

सुरुवातीला ती चिडायची. आता चिडायलाही जोर लागतो म्हणून सोडून दिलं होतं.

अप्पासाहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. पंखा आवाज करत होता, वारा देत नव्हता.

"थानेदारांना मी शनिवारपर्यंत थांबवलंय," ते म्हणाले. "शनिवारी संध्याकाळी ते रघुवीरला घेऊन जातील. त्याचे आजोबा होळकरांच्या फौजेत होते, बाप इथंच फाटकावर होता. अशा माणसाला हातकड्या घालून त्याच फाटकातून नेणार. तुझं ते मॉडेल काही सांगतं का?"

"मॉडेल चोर पकडत नाही, अप्पासाहेब."

"मग काय करतं?"

मंजिरीनं जरा विचार केला. "काय होऊच शकत नाही, ते सांगतं कधीकधी."

"तेवढं तरी बघ." त्यांनी चष्मा काढून डोळे दाबले. "मी थकलोय गं. रोज सकाळी उठून हेच बघायचं, की आज काय बंद पडलं."

रघुवीर अजून बाकावरच होते. ती शेजारी बसली.

"काका, कुणाला वाचवताय?"

"स्वतःलाच वाचवता येईना, बाई. दुसऱ्याला कुठला वाचवतो?"

"तुम्ही चोरी केली?"

"थानेदार म्हणतायत ना."

"मी तुम्हाला विचारते."

रघुवीरांनी तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, भीतीही नव्हती. एक विनवणी होती, आणि ती 'मला सोडवा' अशी नव्हती. "तुम्ही शिकलेल्या आहात," ते हळूच म्हणाले. "प्रत्येक गोष्टीचा हिशेब लागलाच पाहिजे असं कुठं आहे? माझ्यावर निभावतंय, निभावू द्या."

३

थानेदारांचा दुसरा संशय होता पीयूषवर. तो मिलचा माल नेणारा ट्रान्स्पोर्टवाला. त्याची गादी सियागंजात, मिरचीच्या पोत्यांनी भरलेल्या गल्लीच्या टोकाला. मंजिरी शिंकत शिंकतच आत शिरली.

"आओ मॅडम, बसा. पाणी प्या आधी," पीयूष म्हणाला. त्याची मराठी चार वाक्यांतली दोन. "पोलीसवाले दोनदा येऊन गेले. अरे, मैं चोरी करूंगा? माझे तर ट्रक तुमच्या फाटकावर सडतात!"

"सडतात म्हणजे?"

"मतलब खडे रेते हैं. ड्रायव्हर सकाळी जातो, संध्याकाळी माल मिळतो. कधी दुसऱ्या दिवशी. ड्रायव्हर मला गाली देतात, मी रघुवीरजींना देतो, ते ऐकून घेतात. भला आदमी है."

मंजिरीचा ग्लास ओठांपाशीच राहिला. "कशासाठी उभे असतात?"

"मालासाठी, आणि कशासाठी?"

"पण गोदाम भरलेलं होतं ना?"

"छतापर्यंत! मी पण बोललो ना, भिया, यह जो पहाड लगा रखा है, इसमें से दे दो. तर म्हणाले, थप्पी फोडायची नाही. शेडमधून ताज्या गाठी येतील, त्या ने. दर वेळी हेच. माझ्या ट्रकात गाठी चढतात ना, तेव्हा शिक्क्याची शाई पण ओली असते कधी. हात काळे होतात."

"हे नंबर दोनच्या गोदामाचं?"

"दोन काय आणि एक काय. सब जगे यही हाल." त्यानं हात झटकला. "आता मला सांगा, जो माल मला दिवसभर उभं राहून मिळत नव्हता, तो मी चोरून कसा नेला?"

परतताना टेंपोत ती त्याच वाक्याशी खेळत बसली. साठवणुकीचं एक साधं गणित आहे. रोज किती माल येतो आणि प्रत्येक नग किती दिवस राहतो, यांचा गुणाकार म्हणजे सरासरी साठा. डोंगराएवढा साठा असेल तर प्रत्येक गाठ बरेच दिवस पडून राहिलेली असली पाहिजे. पण इथं बाहेर जाणारी प्रत्येक गाठ ताजी. मग डोंगर एक तर कधी हलतच नव्हता, किंवा डोंगर नव्हताच.

आणि भरलेल्या गोदामासमोर ट्रक मालासाठी थांबत नाहीत. थांबतात ते रिकाम्या गोदामासमोर.

४

दुसऱ्या दिवशी ती बॅटरी घेऊन त्या पोकळीत शिरली. आत उकाडा होता आणि गोणपाटाचा वास. ती आधी जमिनीवर बसली.

बाहेर, जिथून हमालांनी गाठी उचलल्या होत्या, तिथं फरशीवर स्वच्छ चौकोन उमटले होते. गाठीखाली धूळ बसत नाही, भोवती बसते. पोकळीतल्या फरशीवर मात्र एकही चौकोन नव्हता. एकसारखी धूळ होती, तीवर सुताच्या तंतूंची मऊ साय.

मग तिनं गाठींना हात लावून पाहिलं. बाहेरच्या थरातल्या गाठी एकमेकींना टेकून चपट्या झाल्या होत्या. पोकळीकडची त्यांची अंगं मात्र फुगीर होती, पोट सुटल्यासारखी. त्यांना कुणी कधी दाबलंच नव्हतं.

इथून काही गेलं नव्हतं. इथं कधी काही आलंच नव्हतं.

ती तशीच खाली बसून राहिली. चोरी नाही हे कळल्याचा आनंद व्हायला हवा होता. झाला नाही, कारण पुढचा प्रश्न लगेच दारात उभा होता. ज्या गाठी नव्हत्या, त्या विणल्या असं कोणी म्हटलं?

दुपारी ती नंबर दोनच्या शेडमध्ये गेली. तिथं एका माणसाकडे चार साचे, म्हणजे माग. धागा तुटला की साचा थांबतो, विणकर जातो, गाठ मारतो, साचा चालू करतो. तो एका साच्याशी गुंतलेला असताना दुसरा थांबला, तर दुसरा वाट पाहतो. सूत चांगलं असेल तर हे चालून जातं. सूत तोडकं असेल तर थांबलेल्या साच्यांचीच रांग लागते, आणि ही रांग तुटण्याच्या प्रमाणात वाढत नाही, त्याच्या कितीतरी पुढं धावते. हे सगळं तिनं हिवाळ्यापासून टिपलेलं होतं. आता फक्त उत्तराकडे नीट पाहायचं होतं. नशिबानं कितीही साथ दिली तरी ही शेड जेवढ्या गाठी विणू शकत होती, त्याच्या दीडपट गाठी फाटकावरच्या फळ्यावर लिहिल्या जात होत्या.

तो फळा म्हणजे मिलची जुनी रीत. दर शनिवारी दोन्ही शेडचा आठवड्याचा आकडा त्यावर खडूनं लिहायचा. जी शेड पुढं, तिचे लोक शिट्ट्या मारायचे. हिवाळ्यापासून मंजिरीनं, त्याआधीपासून येता-जाता साऱ्यांनीच, ते आकडे पाहिले होते. वीज गेलेल्या आठवड्यातही ते खाली आले नव्हते. खरी विणाई वरखाली होते, धापा टाकते. हे आकडे नुसते जिना चढत होते.

शेडच्या टोकाला विणाईमास्तर दिवाकर उभे होते. तिच्या हातातला कागद पाहून ते म्हणाले, "काय मॅडम, आमचं भविष्य काय म्हणतं?"

"मास्तर, तुम्ही शनिवारी अप्पासाहेबांच्या केबिनमध्ये याल का?"

"नाही आलो तर?"

"तर रघुवीरकाका थानेदारांबरोबर जातील."

५

शनिवारी केबिनमध्ये चार जण होते. अप्पासाहेब, थानेदार, रघुवीर आणि मंजिरी. पाचवी खुर्ची रिकामी होती.

मंजिरीनं ट्रकांपासून सुरुवात केली, मग फरशी, मग फुगलेल्या गाठी. थानेदार आधी घड्याळ पाहत होते. नंतर पाहायचे थांबले.

"म्हणजे थप्पी पोकळच रचली?" ते म्हणाले. "किसलिए?"

"मोजणीमुळे. मुंबईचे साहेब दर महिन्याला येतात. समोरून रुंदीच्या गाठी मोजतात, उंचीच्या मोजतात, बाजूनं खोलीच्या मोजतात, आणि गुणाकार करतात. आत कुणी पाहत नाही. बाहेरून थप्पी मोठी दिसली की पुरे."

"पण कोई क्यों…"

"कारण जी शेड कमी विणेल, ती बंद होणार होती."

दार उघडलं. दिवाकर मास्तर आत आले आणि खुर्ची सोडून भिंतीला टेकून उभे राहिले.

"मी सांगितलं रघुवीरला," ते म्हणाले. "थप्पी फुगव म्हणून. तो नाही म्हणाला. मी त्याच्या पाया पडलो, साहेब. माझ्या वयाचा माणूस. माझ्या शेडमध्ये बापलेक शेजारीशेजारी साचे चालवतात. त्यांना काय सांगू?"

"तू गप्प बस ना," रघुवीर चिडून म्हणाले. पाच दिवसांत पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला होता. "चोरी ठरली असती तर एकटा मी गेलो असतो. आता तुझी शेड जाईल!"

"आणि तू जेलात, मी फळ्याजवळ शिट्ट्या ऐकत? इतका नालायक समजलास?" दिवाकर अप्पासाहेबांकडे वळले. "सुरुवातीला थोडंच वाढवलं होतं. पण नंबर एकचा मास्तर शाम दर शनिवारी माझ्या पुढं. मी वाढवलं की पुढच्या शनिवारी तो आणखी पुढं. त्याचे साचे माझ्यापेक्षा जुने, सूत तेच, वीज तीच. कसं करतो, मला आजवर कळलं नाही. मी नुसता मागे धावत राहिलो."

मंजिरीची पेन्सिल कागदावरच थबकली.

थानेदार उठले. "चोरी नहीं, तो मेरा केस नहीं. चाय पिलाओ, अप्पासाहेब, फिर चलता हूं."

अप्पासाहेबांनी चहा सांगितला. मग टेबलाकडे बघत म्हणाले, "मुंबईला कळवावं लागेल. नंबर दोन बंद. शामची शेड तेवढी राहील." निकाल वाचून दाखवावा तसं ते बोलले. दिवाकरांनी मान हलवली. त्यांनी वाद घातला असता तर बरं वाटलं असतं.

६

रघुवीर बाहेर व्हरांड्यात येऊन उभे होते. सुटलेल्या माणसाचं तोंड असं नसतं.

"काका," मंजिरी म्हणाली, "शामजींची थप्पी किती पोकळ आहे?"

त्यांनी मान वळवली नाही. "कोण म्हणालं?"

"पीयूषचे ट्रक दोन्ही गोदामांसमोर थांबायचे. जुने साचे, तेच सूत, आणि आकडा दिवाकर मास्तरांपेक्षा नेहमी थोडा वर. मास्तरांना ते कोडं वाटतं. शामजींनाही मास्तरांचं तसंच कोडं वाटत असेल. दोघंही खोट्याच्या मागे धावत होते."

रघुवीर कठड्याला टेकले. "आधी शाम आला. महिन्याभरानं दिवाकर. दोघांनी तेच सांगितलं, दोघांनी शपथ घातली की दुसऱ्याला कळू द्यायचं नाही. मी दोघांना हो म्हटलं."

"एकदाही वाटलं नाही, दोघांना एकत्र बसवावं?"

"रोज वाटायचं. पण बाई, एकाचं सांगावं तर दुसरा सुटतो आणि पहिला बुडतो. दोघांचं सांगावं तर मिल बुडते. गप्प राहिलं की आणखी एक आठवडा निघतो. असे आठवडे काढले." त्यांनी कपाळ पुसलं. "आता एक तरी शेड राहतेय. तुम्हीही गप्प राहा. तुम्हाला कुणी नंबर एकचं विचारलेलंच नाही."

मंजिरीला ते खरंच वाटलं. कुणी विचारलं नव्हतं. अप्पासाहेबांनीही विचारलं नव्हतं, आणि ते इतके भोळे नव्हते. घरी जाऊन झोपावं, हे वजन दुसऱ्या कुणाच्या तरी टेबलावर ठेवून द्यावं, असं तिला अगदी मनापासून वाटलं.

"आणि ती थप्पी कधीतरी फुटेल तेव्हा?" ती म्हणाली. "दिवाळीत, किंवा पुढच्या उन्हाळ्यात? तेव्हा हे थानेदार नसतील, मी नसेन. फरशीवरचे चौकोन बघायला कुणी वाकणार नाही. तिथंही ताबा तुमचाच आहे. काका, तुम्ही स्वतः आज उघडली तर ती पोकळी आहे. उद्या दुसऱ्या कुणी उघडली तर ती चोरी आहे."

आत कपबशा वाजत होत्या. थानेदारांचा चहा संपत आला होता.

"जेलची भीती नाही मला," रघुवीर म्हणाले. "पण फळ्यासमोरून जाताना दोघंही माझ्याकडे बघायचे. दोघांना वाटायचं, मी एकट्या त्याचाच. ते फार जड व्हायचं."

ते केबिनच्या दारापर्यंत गेले. "थानेदारसाहेब, पाच मिनिटं. अप्पासाहेब, नंबर एकची तुमच्याकडची किल्ली घ्या. दिवाकर, तूही चल. शामला कुणीतरी बोलवा."

अप्पासाहेबांनी काय ते एका नजरेत ओळखलं. किल्ली काढताना ते मंजिरीला म्हणाले, "दोन्ही गेल्या, मग?"

"एका शेडचं सूत दोन शेडना वाटलं जातंय," ती म्हणाली. "सगळं सूत एकीला दिलं, आणि दोन्हीकडची माणसं तिथं घेतली, चारांऐवजी दोन-दोन साचे एकाला दिले, तर वाट पाहणारे साचे खूप कमी होतील. ती एक शेड बहुतेक चालेल. मला आठवडाभर द्या, मी शक्यता काढते."

"आणि नाही चालणार असं निघालं तर?"

"तर तेही तुम्हालाच येऊन सांगेन."

"सांग," अप्पासाहेब म्हणाले. "आता निदान खऱ्या आकड्यावर बंद पडू."

नंबर एकच्या गोदामात ऊन तिरपं आलं होतं. शामजी धावत आले, खांद्यावर सुताचे धागे, आणि दारात सगळ्यांना पाहून जागच्या जागी थांबले. रघुवीरांनी हमालाच्या हातातला हूक घेतला. गुडघा दुखत असतानाही ते स्वतः वर चढले आणि गाठी एकेक करून खाली सोडू लागले. पहिली रांग. दुसरी. तिसऱ्या रांगेतली एक गाठ ओढली, आणि भिंतीत खिडकी पडावी तसं भोक पडलं.

आत अंधार होता.

दिवाकर मास्तर पुढं आले. त्यांनी त्या भोकात डोकं घातलं, बराच वेळ आत पाहिलं, मग बाहेर काढलं. केसांना सुताची साय लागली होती. शामजी जमिनीकडे बघत होते.

"वर्षभर," दिवाकर म्हणाले. "वर्षभर मला रात्री झोप नाही, की हा माणूस विणतो तरी कसा!"

"और मैं?" शामजींचा आवाज फुटला. "घरवाली पूछती थी, दिवाकर मास्तर में ऐसा क्या है जो तुम में नहीं!"

थानेदार खोकले. हमाल एकमेकांकडे पाहू लागले. रघुवीर वर, उरलेल्या गाठींवर पाय लोंबते सोडून बसले होते. पाठ वाकलेली, हूक मांडीवर, डोळे मिटलेले.

दिवाकर शामजींच्या अगदी जवळ जाऊन उभे राहिले. "खरं सांग," ते म्हणाले, "हफ्त्याला खरोखरच्या गाठी किती निघायच्या तुझ्या?"

शामजींनी गळ्यातल्या गमछ्यानं तोंड पुसलं.

"पैले तू बता, भिया."